न मोजलेले वेढे

माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज बसला तेव्हा आमच्या गिरगावातल्या चाळीत त्यावरचं औषध ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडला नसता. जिना चढून जो येई तो आधी तिचा घसा बघायला मागे. “आ कर.” ती आ करी. येणारा तिची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवी, आत डोकावे आणि जाणत्यासारखी मान हलवी. मग औषध सांगे. त्या दिवसांत किती माणसांनी तिच्या तोंडात डोकं घातलं हे आठवलं की अजून मला मळमळतं. पण त्या सगळ्यांत जास्त किळस ज्याची यावी तो मी. हे मी वीस-बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. मी पंचविशीतला, एका बोटीच्या कंपनीत कारकून. दिवसभर मालाच्या याद्या उतरवून काढायच्या आणि संध्याकाळी कलापथक. कलापथक म्हणजे आम्ही आठ-दहा जण. ढोलकी, तुणतुणं, पेटी आणि चार आवाज. सभेला माणसं जमेपर्यंत आणि पुढारी येईपर्यंत मैदान धरून ठेवायचं, हे आमचं काम. मला गाता येत नव्हतं. मी व्यवस्था बघत असे. कुठलं मैदान, किती वाजता, माईक कुणाचा. कचेरीत मला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं, पण लालबाग-परळात मी मंडपात शिरलो की लोक वाट देत. कारण मी तिचा भाऊ होतो.

तिचा आवाज गोड नव्हता. “देवापुढे म्हणायचा नव्हेच तो,” असं आई म्हणायची. उंच, धारदार, खडखडीत आवाज. एकदा लोअर परळला मध्येच माईक बंद पडला. बाकीचे तिघे थांबले, ही थांबली नाही. मैदानाच्या टोकाला चहाच्या दुकानापाशी उभे असलेले गिरणीतले लोक पुढे आले आणि गपचूप खाली बसले. त्या दिवशी तिच्याकडे बघून मला काय वाटलं ते खरं सांगतो: हे माझं आहे, असं वाटलं.

तिला स्वतःला कलापथकापेक्षा दुसरंच हवं होतं. बाराव्या वर्षापासून ती दादरला एका गुरुजींकडे शिकायला जात होती. त्या उन्हाळ्यात तिला रेडिओच्या आवाजाच्या चाचणीचं पत्र आलं. ते पत्र तिने इतक्यांदा उघडलं आणि मिटलं की घडीवर फाटलं. त्याच सुमारास घराघरांत तापाची साथ होती. तिलाही ताप आला. अंगात ताप असताना ती चिंचपोकळीच्या सभेत गायली आणि दुसऱ्या दिवशी लालबागला गायली. दोन्ही वेळा “एकच गाणं, मग बस” असं मीच म्हणालो होतो. दोन्ही वेळा चार झाली. सोमवारी सकाळी ती उठली आणि आईला हाक मारायला गेली तर तोंडातून नुसती हवा आली.

चाचणी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होती. हातात दहा दिवस होते.

तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं. “आत सगळं लाल झालंय, सुजलंय,” ते म्हणाले. “हिने बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने जास्त बिघडतं. वाफ घ्यायची, कोमट पाणी प्यायचं. आणि चाळीतल्या लोकांना सांगा, घसा म्हणजे म्युनिसिपालटीचा नळ नव्हे, येईल त्याने फिरवायला.”

आईने वर येऊन ते सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, डॉक्टर बरोबर बोलतात. आणि त्याच दिवशी दुपारपासून औषधं सुरू झाली.

पहिला आला कांदा. निखाऱ्यावर भाजलेला, फडक्यातून पिळलेला, गुळाबरोबर. मग तुपात तळलेली मिरी, तीही कढत तुपासकट. मग तुरटीच्या गुळण्या, बेहड्याची साल, आल्याचा रस, गळ्याला आंबेहळदीचा लेप आणि त्यावर लसूण ठेचून बांधलेली पट्टी. आमच्या दोन खोल्यांना एखाद्या खाणावळीच्या मोरीसारखा वास यायला लागला. कच्चं अंडं आमच्याकडे चालत नसे. ते मागच्या बिऱ्हाडातून वाटीत झाकून आलं. आईने तोंड फिरवलं आणि म्हणाली, “मी बघितलं नाही, तू गिळून टाक.” बहिणीने गिळलं. अर्धं परत आलं. ते आईनेच पुसलं.

बोलायची बंदी म्हणून तिच्या हातात शाळेतली पाटी दिली होती. ती पाटीवर लिही, “पुरे.” आई पदराने पुसून टाकी आणि दुसरी वाटी पुढे करी.

दुसऱ्या मजल्यावर एक पेटीवाले काका राहत. भजनांना पेटी वाजवत आणि मोठमोठ्या गवयांना आपण जवळून पाहिलंय असं सांगत. ते रोज सकाळी येत ते घसा बघायला नव्हे, तस्त बघायला. तस्त म्हणजे तिने थुंकायचं पितळी भांडं. ते खिडकीपाशी नेऊन तिरपं करीत.

“सुटतोय,” ते म्हणत. “काल पिवळा होता, आज पांढरा आहे. उद्या धागे पडतील, तेव्हा घाबरू नका. कालचा कुठे ओतलात? ओतत जाऊ नका हो, मला बघू देत जा.”

“काका, चहा घेता?” आई विचारी.

“अर्धा कप. आणि पोहे असतील तर थोडेसे.”

तस्त शेजारी ठेवूनच ते पोहे खात. मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहत असे.

पण कळस केला समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी. त्यांच्याकडे पोपट होता. त्या पोपटाने टोचलेला पेरू त्या बशीत घालून घेऊन आल्या. चोच लागलेल्या जागा काळ्या पडल्या होत्या आणि एका बाजूला पिंजऱ्यातलं काहीतरी चिकटलेलं होतं.

“पोपटाचं उष्टं खाल्लं की मुकी पोरंसुद्धा बोलायला लागतात,” काकू म्हणाल्या.

“पण काकू, ही मुकी नाही,” मी म्हटलं.

“म्हणून तर अर्धाच आणलाय.”

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी सोडवीन असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, “खाऊन टाक ना, पेरूच आहे.” तिने डोळे मिटून खाल्ला. मला तेव्हा ती बरी व्हायला हवी होती आणि तीही घाईने हवी होती. कारण गुरुवारच्या आधी रविवार येत होता आणि रविवारी लालबागला मोठी सभा होती. “तिचा आवाज रविवारपर्यंत सुटतो, मी आणतो तिला,” असा शब्द मी कुणी विचारायच्या आधीच देऊन बसलो होतो.

आईच्या औषधांपैकी एकच औषध तिला मानवलं. वेखंड. लहान मुलाची जीभ जड असली, बोल फुटत नसले की वेखंडाची सुकलेली मुळी सहाणेवर मधात उगाळून चाटवतात. त्याचं माप चमच्यात नसतं, वेढ्यात असतं. मुळी सहाणेवर गोल फिरवली की एक वेढा. मूल तान्हं असेल तर अर्धा, मोठं असेल तर एक. मोठ्या माणसाला आई दोन देत होती, तेही मोठ्याने मोजून. “एक. दोन. बस.” मुळी लगेच उचलून पुसून डबीत टाकायची. “वेखंड पोटात जास्त गेलं तर आतडी वर येतात,” ती म्हणे. मी हे रोज ऐकत होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी तिने अगदी हळू “आई” म्हटलं. बारीक, फाटका, पण आवाज होता. आई रडायला लागली. डॉक्टरांनी खाली बोलावून दोघींना झापलं आणि पुन्हा गुरुवारपर्यंत बंदी घातली. पण त्यांच्याही चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं. “गप्प राहील तर गाईल,” ते म्हणाले.

मी संध्याकाळी तिच्याशेजारी बसलो. “उद्या लालबागला यायचं का? नुसतं पहिलं कडवं.”

तिने पाटीवर लिहिलं, “गुरुवारनंतर कुठेही.” खाली रेघ मारली.

“बरं,” मी म्हटलं.

माझ्या त्या “बरं”मध्ये काही खरं नव्हतं. तिला रेडिओवर घेतलं तर ती कलापथकात किती दिवस राहील, हे मी आठवडाभर मनात घोळवत होतो. ती तिथे गेली तर लोक तिचं नाव घेतील. माझं कशाला घेतील? चाचणी बुडावी असं मी म्हटलं नाही, मनातसुद्धा शब्दांत म्हटलं नाही. पण रविवार बुडू नये एवढंच मला हवं होतं आणि त्यासाठी गुरुवारचं काय होईल याकडे मी बघायचं टाळलं.

रविवारी सकाळी आई मंडईत गेली होती. तेवढ्यात परळच्या वहिनी आल्या. त्या आमच्या कलापथकातला दुसरा आवाज. नवरा गिरणीत, माणसं मूळची मालवणकडची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. जाड, मोठ्याने हसणाऱ्या, पानाने तोंड कायम लाल. त्यांच्या खोलीवर गेलो तर मी पाणी घेत नसे. आम्ही शिकलेली माणसं. चळवळीच्या मंचावर आम्ही एक असलो तरी त्यांच्या हातचा पेला ओठाला लावताना माझ्या अंगावर काटा येई. हे लिहायला लाज वाटते, पण पुढे जे झालं त्यात या किळशीचा मला उपयोग झाला, म्हणून लिहितो.

त्यांनी चंची उघडून बहिणीसमोर बसून विडा लावला. “कात, लवंग, कंकोळ आणि जेष्ठमध घातलंय गो. चघळत ऱ्हव, घाई करू नको.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भावोजी, तुमी आज हिका गावक लावू नकात. माज्यान होयत तेवढा मी सांभाळतंय.”

बहीण हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली. तिने वहिनींचा हात धरला. वहिनी गेल्या.

मग मी स्वयंपाकघरात गेलो, डबी उघडली आणि सहाणेवर मध घालून वेखंड उगाळायला बसलो. माझा हिशेब असा: दोन वेढ्यांनी सहा दिवसांत एवढा आवाज आला. संध्याकाळपर्यंत बाकीचा यायला हवा. मुळी फिरवत राहिलो. मोजलं नाही. मध तपकिरी झाला, मग दाट, मग मातीसारखा. वास नाकात जाऊन मलाच उमासा आला. तरी मी थांबलो नाही.

वाटी घेऊन बाहेर आलो. तिने वाटीकडे बघितलं आणि भुवया वर केल्या.

“आई सांगून गेलीय,” मी म्हटलं. “दोनच वेढे. मध जुना आहे म्हणून काळा दिसतोय.”

तिने चाटून पुसून घेतलं. बोट वाटीच्या कडेवरून फिरवून शेवटचंही घेतलं. तिला बरं व्हायचं होतं.

अर्ध्या तासाने सुरू झालं. सुरुवातीला मोरीपर्यंत पोहोचली, नंतर पोहोचता आलं नाही. पोटात होतं ते गेलं, मग पाणी, मग पिवळं कडू, मग काहीच नाही. पण ओकाऱ्या थांबेनात. तिचा सगळा देह ओढला जाऊन घशाशी येत होता. प्रत्येक ओकारीबरोबर तिच्या तोंडून ओरडणं निघत होतं; ते थोपवता येत नाही. सहा दिवस सांभाळलेला तो गळा अर्धा तास ओरडत होता आणि मी तस्त धरून समोर बसलो होतो. तस्तात जे पडलं ते लाल होतं. काताचा लाल रंग, आणि शेवटी त्यात खरं लाल.

सहाण मी त्याआधीच धुवून ठेवली होती. एवढं सुचलं मला.

आई आली. “काय दिलंस तिला?”

“वेखंड. नेहमीचं.”

“किती?”

“दोन वेढे.”

आईने माझ्याकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. तोवर पेटीवाले काका आले होते. त्यांनी सवयीने तस्त उचलून खिडकीशी नेलं, तिरपं केलं आणि आत निरखून बघितलं.

“सकाळपासून बाहेरचं काय खाल्लं हिने?”

“परळच्या वहिनींनी विडा दिला होता,” मी म्हणालो.

काकांनी तस्त खाली ठेवलं. “शेंदूर,” ते म्हणाले.

गाणाऱ्याला पानातून शेंदूर खायला घातला की आवाज कायमचा जातो, असं गाणाऱ्यांच्या जगात बोललं जातं. प्रत्येकाला असा एक गवई ठाऊक असतो. काकांना चार ठाऊक होते. त्यांनी ते तिथेच, घाणीत उभं राहून, एकामागून एक सांगायला घेतले. गॅलरीत माणसं जमली. समोरच्या काकू म्हणाल्या, “तरी मी म्हणत होते, ती बाई कशाला येते सारखी?” त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या.

डॉक्टर वर आले. त्यांनी आरसा घालून बघितलं आणि आरसा बाहेर काढल्यावर तो पुसत उभे राहिले. ओकण्याच्या जोराने आत रक्त साकळलंय, असं ते म्हणाले. मग विचारलं, “कुणी काय दिलं होतं? खरं सांगा, मला कळलं पाहिजे.”

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत बारा माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

“एक विडा खाल्ला होता,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी लालबागला गेलो. बहीण घरी चटईवर पडलेली, आणि मी तिथे माईक लावत होतो. तिच्या जागी वहिनी पुढे उभ्या राहून गायल्या आणि जीव तोडून गायल्या. लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. तेच त्यांना भोवलं. “बघा, मिळाली ना पुढची जागा,” असं ढोलकीवाला माझ्या कानात म्हणाला. म्हणजे शेंदराची गोष्ट माझ्या आधी लालबागला पोचली होती.

चार दिवसांनी वहिनी आमच्या चाळीत आल्या. आत कुणी ‘या’ म्हटलं नाही म्हणून गॅलरीतच उभ्या राहिल्या.

“माज्या हातान शेंदूर? कोणी बघल्यान? जो म्हणता त्येका फुडे येवंदे.”

कुणी पुढे आलं नाही. दारं मात्र सगळी उघडी होती.

मग त्यांनी मला बघितलं. तोवर त्या मला ‘तुमी’ म्हणत. त्या दिवशी त्या एकेरीवर आल्या. “तू होतंस ना थंय? तुज्या समोर विडो लावलंय मी. सांग मगे ह्यांका, काय घातलंय तां.”

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणालो.

त्यांनी काही शिवी दिली नाही. त्या गॅलरीच्या कठड्यावरून खाली थुंकल्या. पानाचं लाल थुंकलेलं चौकात पडलं. समोरच्या काकू “शी!” म्हणाल्या. सगळ्यांनी नाकं मुरडली, आणि मीही.

तो दिवस गुरुवार होता. बहिणीने सकाळी उठून वेणी घातली होती, चांगलं पातळ नेसली होती, आणि तशीच दिवसभर खिडकीशी बसली होती.

आवाज आला तीन महिन्यांनी. पण तो दुसराच होता. खालचा, खरखरीत, मध्येच तुटणारा. बोलायला पुरे. वरच्या पट्टीत नेला की नुसतं वारं. दादरच्या गुरुजींनी दोन वेळा प्रयत्न करून बघितला आणि तिसऱ्या वेळी तिला चहा पाजून परत पाठवलं. वहिनींना कलापथकातून कुणी काढलं असं झालं नाही. त्यांना निरोप जाणं बंद झालं. निरोप द्यायचं काम माझं होतं.

महाराष्ट्र झाला. आमच्या चाळीने प्रत्येक कठड्यावर पणत्या लावल्या. खाली लोक रात्रभर गात होते. बहीण पणत्यांत तेल घालत फिरत होती. कुणीतरी खालून हाक मारली, “अगं, तू ये ना गायला!” त्या माणसाला माहीत नव्हतं. तिने हात हलवला आणि पुढच्या पणतीकडे वळली. नंतर तिचं लग्न झालं, दादरला बिऱ्हाड थाटलं, एका कचेरीत चिकटली. तिथे टेलिफोन घ्यायची वेळ आली की ती दुसऱ्याला खूण करते, असं तिच्या नवऱ्याने एकदा हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

मागच्या वर्षी आई गेली. तिच्या शेवटच्या आजारात तिने मला पुन्हा विचारलं होतं, “तेव्हा दोनच ना रे?” मी “दोनच” म्हणालो. मरणाऱ्या बाईलाही मी तेच सांगितलं. तेरावं झाल्यावर मी दादरला गेलो आणि बहिणीला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही.

“किती वेढे?” तिने विचारलं.

“मोजले नाहीत.”

“अंदाजे?”

“अर्धी मुळी संपली.”

तिने जुडीतली पिवळी पानं बाजूला काढली. मग आपल्या त्या खालच्या आवाजात म्हणाली, “तुला आता हलकं वाटत असेल. मला काहीच सांगू नकोस. परळला जाऊन सांग.”

“त्या असतील का अजून?”

“आहेत. मी दर संक्रांतीला जाते. त्या माझ्यासमोर पान लावत नाहीत. चंची पदराखाली घेऊन बसतात.”

हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं ती त्या बाईकडे जात होती, त्यांनी शेंदूर घातला नाही हे तिला आतून पक्कं ठाऊक होतं, आणि मग कुणी काय घातलं हा प्रश्न तिने कधी मला विचारला नव्हता. का विचारला नाही, ते मला तिच्याकडून ऐकायची हिंमत झाली नाही.

परळच्या त्या चाळीत मी जिन्यापाशी एका बाईला वहिनींची खोली विचारली. तिला आधी कळेना. मी त्यांचं गाणं, नवऱ्याची गिरणी वगैरे सांगितलं. “अहो, शेंदरी आजी म्हणा ना!” ती म्हणाली. “वर, डावीकडे तिसरी.”

वहिनी दारातच बसल्या होत्या. केस पांढरे, तोंड अजून लाल. मला ओळखलं. ‘बस’ म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांची सून चुलीपाशी होती, तीही ऐकत होती.

“आता इलंस?” वहिनी म्हणाल्या. “ज्येंका सांगूचा ता सगळे गेले. माजो घोव गेलो. तो मरेपर्यंत माका इचारी, खराच घातलंस नाय ना गो?”

त्यांनी सुनेकडे बोट केलं.

“माका हंय शेंदरी म्हणतत. ह्या माज्या सुनेक वाटता, पान खातंय म्हणान. सांग तिका. मोठ्यान सांग.”

मी सुनेला पुन्हा सांगितलं. वेखंड मी उगाळलं, विड्यात काही नव्हतं, मी खोटं बोललो. सुनेने पदर तोंडाला लावला. मोरीतल्या घाणीकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत होती. ते तिचं बरोबर होतं.

“ती गाता काय आता?” वहिनींनी विचारलं. बहीण दर वर्षी त्यांच्याकडे जात असूनही त्यांनी हे तिला कधी विचारलं नव्हतं.

“नाही.”

“कधीच नाय?”

“नाही.”

“मी पण नाय,” त्या म्हणाल्या. “घेवन ये तिका. रयवारी.”

रविवारी मी बहिणीला घेऊन गेलो. वहिनींनी तिला आत घेतलं, चंची उघडी मांडीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, “तू भायर बस.” मी गॅलरीत एका खोक्यावर बसलो. आत दोघी काय बोलत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं, अडकित्त्याचा आवाज तेवढा येत होता. शेजारच्या खोलीतून एक बाई पाण्याची कळशी घेऊन निघाली, मला बघून थांबली.

“कोण हो तुम्ही? शेंदरी आजींकडे आलात?”

मी उठून उभा राहिलो. “त्यांचं ते नाव नाही,” म्हटलं, आणि तिने कळशी खाली ठेवायच्या आतच सांगायला लागलो.